बाप्पांचा खोकला आणि चार भोंगे

संपादकांचं पत्र आलं. तुम्ही उभा जन्म गाण्याच्या जलशांना लाउडस्पीकर लावलात, तेव्हा ऐकलेल्या थोर गायनाच्या आठवणी दिवाळी अंकासाठी लिहा. मी कळवलं की साहेब, मी गायन ऐकलेलंच नाही. भोंगेवाला गाणं ऐकत नसतो. त्याचा एक कान भोंगा कधी शिट्टी मारतो तिकडे असतो, दुसरा बॅटरीकडे. बॅटरीला कान कशाला, असं तुम्ही विचाराल. बॅटरी बसायला लागली की गाणाऱ्याचा आवाज आधी सर्दी झाल्यासारखा होतो, मग विहिरीत पडल्यासारखा, आणि मग पब्लिक भोंगेवाल्याच्या आईची चौकशी करतं. त्याआधी बॅटरी बदलायची. एवढाच माझा संगीताचा अभ्यास.

पण मैदानातल्या विडीकाडीचं विचाराल तर माझ्याइतका जाणकार सगळ्या मराठवाड्यात मिळायचा नाही. गाणारा मैदानाकडे बघून डोळे मिटतो. ऐकणारे गाणाऱ्याकडे बघतात. मैदानाकडे डोळे उघडे ठेवून बसलेला एकटा भोंगेवाला. कोण कुणाला बघून विडी लपवतो, कोणत्या मडक्यात पाणी आणि कोणत्यात ‘पाणी’, हे सगळं मला दिसायचं.

एक आधीच सांगून ठेवतो. मी खोटं बोलत नाही. फक्त जरा आवाज वाढवून सांगतो. धंद्याची सवय आहे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. दुष्काळ सरून दोन-तीन सुग्या झाल्या होत्या. जालना जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आम्ही औरंगाबादच्या पोटात होतो. माझं दुकान घनसावंगीला. आवाज वाढवणारं एक मशीन, चार भोंगे, दोन माईक, ट्रकच्या दोन बॅटऱ्या, आणि हे सगळं वाहणारी एक सायकल. बॅटऱ्या सायकलवर कशा न्यायच्या ते मला आता सांगता येत नाही, पण न्यायचो. गावात वीज असो-नसो, माझा भोंगा बाभळीवर चढला की तीन कोस ऐकू जायचा. चार भोंगे चार दिशांना लावायचे आणि माईकच्या तोंडासमोर एकही येऊ द्यायचा नाही, हे या धंद्यातलं सगळं शास्त्र. उरलेलं सगळं माणसांचं शास्त्र, आणि ते अवघड.

आता विडीचं सांगतो. आमच्याकडे विडी ओढायला कुणाला बंदी नव्हती. दिसायला बंदी होती. बापासमोर लेकानं ओढायची नाही, थोरल्यासमोर धाकट्यानं नाही, सासऱ्यासमोर जावयानं तर मुळीच नाही. पण बाप-लेक एकाच घरात, एकाच शेतात, एकाच जलशात. म्हणून मोठ्या माणसावर एक जबाबदारी होती. त्यानं वळणावर, दारात, गोठ्याशी पोचायच्या आधी खाकरायचं. खाकरणं म्हणजे, “मी येऊन राह्यलोय, तुझं काय असेल ते फेक.” लेकानं फेकायचं. बाप येऊन उभा राहायचा, नाकासमोर ढगाएवढा धूर असायचा, आणि बाप म्हणायचा, “आज आभाळ आलंय जरा.” लेक म्हणायचा, “हौ ना.” दोघांचीही इज्जत शाबूत. याला मी राज्यघटनेखालोखाल मानतो.

फेकायचीही रीत होती. पुढं फेकायची नाही, पुढं मोठी माणसं. बाजूला नाही, बाजूला भावकी. डावा हात मांडीखालून मागं न्यायचा आणि मनगटाला झटका द्यायचा. फेकल्यावर मागं वळून बघायचं नाही. जो बघेल, त्याची विडी. हे कलम नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

या कलमांपायी मी काय काय पाहिलंय! बदनापूरला स्टेशनाजवळच्या मोकळ्या मैदानात कव्वाली होती. एक नवा जावई मजेत झुरके घेत बसला होता. सासरा न खाकरता आला आणि शेजारीच टेकला. चूक सासऱ्याची, पण शिक्षा जावयाला. फेकायला सवड नव्हती, म्हणून त्यानं पेटती विडी सदऱ्याच्या खिशात टाकली. खिसा जळाला. बनियन जळालं. खालचं जळायला लागलं. जावई जागचा हलला नाही. डोळ्यांतून धारा, तोंडानं “वाहवा, क्या बात है!” कव्वाली संपल्यावर सासरा चारचौघांत म्हणाला, “आमच्या जावयाला गाण्यातलं लई कळतं. निस्ता रडून राह्यल्ता.” पुढच्या वर्षी त्या जावयाला कव्वाली कमिटीचा सेक्रेटरी केलं.

पिण्याच्या रीती याहून नाजूक. मैदानात पाण्याची मडकी ठेवलेली असायची. साध्या पाण्याच्या मडक्यावर ताटली, आणि दुसऱ्यावर लिंबाचा डहाळा. हे लहान-थोर सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त फौजदाराला ठाऊक नव्हतं, कारण फौजदारालाही डहाळ्याचंच लागायचं. प्यालेल्या माणसानं वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचं. दाद देताना वाहवा म्हणायचं नाही, फक्त मान हलवायची. कारण वाहवाला वास असतो.

तर आता कुरणटाकळीचा जलसा.

गोदावरीच्या अलीकडच्या काठाला कुरणटाकळी, पलीकडे सावरगाव. सुगी उरकली की कुरणटाकळीला वाळवंटाशेजारच्या माळावर जलसा व्हायचा. सकाळी सुरू, दिवस बुडायच्या आत खलास, कारण ऐकायला अर्धी माणसं पलीकडून नावेनं यायची आणि सोपान नावाडी दिवस बुडाला की नाव सोडत नसे. त्या जलशाची शान म्हणजे बाई. हैदराबादकडच्या थोर गाणाऱ्या. नाव कुणी घेत नसे, आम्ही नुसतं बाई म्हणायचो. उतरत्या वयात मोठमोठ्या ठिकाणची बोलावणी नाकारून त्या आमच्या माळावर यायच्या. कुरणटाकळीला रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, शाळेवर छप्पर नव्हतं, पण बाई होत्या.

आणि मागल्या वर्षी बाई निघून गेल्या होत्या. एक चीज झाली, दुसरी अर्धी झाली, बाईंनी समोर पाहिलं, तानपुरा खाली ठेवला आणि गाडीत जाऊन बसल्या. समोर विड्यांचा धूर गच्च माजला होता. सगळ्यांनी कारण ताडलं. सावरगावकर टपूनच होते. त्यांचा पुढारी लिंबाजीराव तिथल्या तिथं बाईंच्या तबलजीला म्हणाला, “पुढल्या साली आमच्याकडं. आमच्या गावात कुणी धूर काढत न्हाई.” स्वतः लिंबाजीराव बोलत होता तेव्हा त्याच्या नाकातून दोन पट्टे निघत होते.

कुरणटाकळीच्या कमिटीनं हातापाया पडून आणखी एक वर्ष मागून घेतलं. ठरलं असं, की यंदाही बाई उठून गेल्या तर जलसा कायमचा पलीकडे जाईल.

कमिटीचे अध्यक्ष नरहरी पाटील. त्यांना सगळे बाप्पा म्हणत. आमच्या भागात घरातल्या थोरल्या माणसाला बाप्पा म्हणतात, आणि हे तर चार गावांचे थोरले. बाप्पांचा खोकला प्रसिद्ध होता. तो तीन टप्प्यांत यायचा. आधी घशात बैलगाडी सुरू व्हायची, मग दगडावर पहार पडायची, शेवटी लांब शेपटीसारखा एक ‘ह्हं’. बाप्पा वेशीत खाकरले की पार मारुतीच्या पारापर्यंतच्या विड्या विझायच्या. त्यांच्याहून वडील असं गावात एकच माणूस उरलं होतं, त्यांची आई. ती म्हातारी माळाच्या कडेच्या आंब्याखाली बायकांत बसायची.

बंदोबस्ताचं काम गुरुजींकडे. गुरुजी शाळेचे हेडमास्तर, त्यांना छप्पर नसलेल्या शाळेत शिस्त लावायची सवय होती. त्यांनी दोन कामं केली. बाईंच्या मैफलीत मातीचा धुराळा उडू नये म्हणून सगळ्या माळावर उसाचं वाळलेलं पाचट गुडघाभर पसरलं. आणि दुसरं, मला बोलावून फर्मावलं, “दत्तू, तू मशीनपाशी उंचावर असतोस. धूर दिसला की माईकवरून त्या माणसाचं नाव घ्यायचं. बिलकुल भीड ठेवायची नाही.”

मी म्हटलं, “गुरुजी, नाव घेतलं की त्याच्या बापाला कळेल ना.”

“कळू दे.”

“बापाला ठाऊकच हाय, गुरुजी. पण भोंग्यातून कळलं तर मंग त्याला ठाऊक असल्यासारखं वागावं लागेल. मंग लेकानं जायाचं कुठं?”

गुरुजींना हे पटलं नाही. ते लातूरकडचे होते का कुठले, विडी ओढत नसत. विडी न ओढणाऱ्या माणसाला काही गोष्टी समजावून सांगता येत नाहीत.

माझी आणखी एक अडचण होती, ती मी गुरुजींना बोललो नाही. मीही ओढायचो. दिवसाला एक बंडल, जलशाच्या दिवशी दोन. आणि आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, समोर पहिल्याच रांगेत बसणार होते. आण्णा गावोगावच्या भजनात टाळ वाजवायचे, त्यांना जलशात मानाची जागा असायची. बारा वर्षं मी विडी ओढत होतो आणि बारा वर्षं आण्णांना ते माहीत नव्हतं, म्हणजे ते रोज सकाळी दुकानात शिरायच्या आधी खाकरत होते. माझी जागा स्टेजच्या कोपऱ्यात, मशीनच्या आड. मशीनपुढं एक पडदा टांगला होता. म्हणजे धूर काढणाऱ्यांची नावं पुकारणारा माणूस स्वतः पडद्याआड धूर काढत होता. पुढं राजकारणात हे पुष्कळ पाहिलं, पण सुरुवात माझी.

सकाळी बारके गाणारे होऊन गेले. पहिला धूर दिसला तो नेमका बाप्पांच्या पुतण्याचा. नाव घ्यावं तर उद्यापासून कुरणटाकळीत पाय ठेवता येणार नाही. मी माईक घेतला आणि म्हणालो, “पब्लिकला नम्र विनंती. पूर्वेच्या अंगाला कुणाचं तरी काहीतरी पेटल्यासारखं वाटून राह्यलंय. ज्याचं असेल त्यानं मनाला विचारावं.” पुतण्यानं फेकली. सगळ्यांना हायसं वाटलं. अर्धा तास माळ कसा धुतल्यासारखा स्वच्छ.

मग हळूहळू कला सुरू झाली. पिण्यावर बंदी नव्हती, कारण गुरुजींना डहाळ्याचा अर्थ कुणी सांगितलाच नव्हता. ते स्वतः फिरून म्हणत होते, “मडक्यांवर पालापाचोळा पडतोय, ताटल्या ठेवा.” पण विडीवाल्यांचे हाल सुरू झाले. एक जण भर उन्हात घोंगडी पांघरून बसला आणि घोंगडी आपली आपण धुमसायला लागली. एकानं छत्री उघडून तिच्या आत तोंड घातलं. दोघं एकमेकांच्या कानात बोलायच्या मिषानं डोकी जोडून बसले आणि दोघांच्या मधून धूर निघायचा, जसं काही फार तापलेलं गुपित आहे. दुपारी बाई स्टेजवर येऊन बसल्या तेव्हा तर माळावर तोंडं अशी दिसतच नव्हती. मुंडाशी, पाठी, छत्र्या आणि गुडघ्यांत खुपसलेली डोकी. आणि त्यावर निळसर धुक्याचा एक पट्टा.

बाईंनी तानपुऱ्याच्या तारांवर बोट फिरवलं. समोर पाहिलं. बोट थांबलं.

“पाटील साब,” त्या म्हणाल्या, “इस साल बी वोइच है. नक्को, मैं चली.”

पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेला लिंबाजीराव उठून धोतर झटकायला लागला. सोपान नावाड्याला त्यानं हातानं खूण केली, नाव तयार ठेव.

बाप्पा स्टेजवर धावत आले. त्या माणसाला मी धावताना तेव्हाच एकदा पाहिलं. डोळे भरून आले होते. मला म्हणाले, “दत्तू, कर रे काहीतरी. बाई गेल्या तर या गावात ऱ्हायलं काय? लेकरं विचारतील, की बाप्पा, तुमच्या हातानं गेला का जलसा?”

आणि मला ती कल्पना सुचली. आजपर्यंत तिचं श्रेय मला कुणी दिलेलं नाही, आणि पुढं काय झालं ते पाहता मीही फारसं मागितलं नाही. मी म्हटलं, “बाप्पा, नाव घ्यायचं न्हाई, रागवायचं न्हाई. निस्तं माईकपाशी खाकरा. एकदाच.”

बाप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. मी मशीनची कळ होती तितकी शेवटपर्यंत फिरवली आणि माईक त्यांच्या मिशांखाली धरला.

बाप्पा खाकरले.

आधी बैलगाडी. मग पहार. मग शेपटी. चार भोंग्यांतून चारी दिशांना. बाभळीवरचे बगळे उठले. नदीपलीकडे सावरगावच्या गायरानात गुरं उभी राहिली. जांब समर्थला देवळात प्रदक्षिणा घालणारा एक माणूस मागे वळला, असं मला पुढं तिथल्याच एकानं सांगितलं. आणि माळावरच्या झाडून सगळ्या गड्यांचे डावे हात, एका तालात, मांडीखालून मागं गेले. मनगटं झटकली. छत्र्या मिटल्या. घोंगड्या उतरल्या. सगळी तोंडं एकदम वर आली, धुतल्या तांदळासारखी.

माझाही हात गेला. योजना माझी, माईक माझ्या हातात, खोकला मी लावलेला. पण हात कुठं ऐकतो? तो लहानपणापासून खोकल्याच्या ताब्यात. बाप्पांपासून मुठीत लपवलेली माझी विडी मागं, मशीनखाली अंथरलेल्या पाचटात.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. गुडघाभर वाळलेलं उसाचं पाचट, आणि त्यात एका दमात पडलेल्या शेकडो पेटत्या विड्या.

पहिल्यांदा प्रत्येकाच्या पाठीमागे एकेक उदबत्ती लावल्यासारखी दिसली. मग उदबत्तीची समई झाली. मला स्टेजवरून सगळं दिसत होतं. माझ्याकडे तोंड केलेली गंभीर, सोज्वळ तोंडं, आणि प्रत्येकाच्या मागे जाळ. आणि कुणी वळून बघेना! कारण जो बघेल, त्याची विडी. पाठी भाजत होत्या, तरी माणसं पुढं बघत होती. एकानं बसल्या जागेवर ढुंगण पुढं सरकवलं, तेवढंच. बायका आंब्याखालून ओरडत होत्या, “आरं जाळ! मागं जाळ!” पण बायका रोजच ओरडतात, अशा चेहऱ्यानं गडी बसून राहिले.

म्हातारी माणसं तरी बोलतील? पण थोरल्यानं धाकट्याची विडी पाहायची नसते, आणि विडी पाहिली नाही तर जाळ कशाचा पाहायचा? सगळे थोरले आभाळाकडे बघायला लागले. आमचे आण्णा पहिल्या रांगेत मान वर करून असे बघत होते, जसं काही ढगांत कुणी ओळखीचं दिसलंय. बाप्पांचा तर आवाजच बसला होता, एका खोकल्यात सगळा खर्ची पडला.

माझी टाच गरम झाली. खाली पाहिलं तर बॅटरीच्या खोक्याला जाळ लागत होता. मशीन गेलं तर मी संपलो. माळ पेटला तर माणसं. आणि बाई स्टेजवर मधोमध बसलेल्या. बोलायला पाहिजे होतं, आणि माईक माझ्याच हातात. पण ‘जाळ’ म्हटलं की पुढचा प्रश्न, कशाचा? आण्णा दोन हातांच्या अंतरावर बसलेले. बारा वर्षं त्या माणसानं माझी इज्जत खाकरून खाकरून सांभाळली होती.

मी डोळे मिटले आणि म्हणालो, “आण्णा, माझी विडी पडली. मशीनखाली पेटलंय.”

चार भोंग्यांतून. नदीपलीकडेसुद्धा ऐकू गेलं. सावरगावातले लोक पुढं कित्येक वर्षं मला हेच वाक्य म्हणून दाखवायचे.

आण्णांनी मान खाली केली नाही. आभाळाकडे बघतच म्हणाले, “कुठली विडी? मला काय दिसलं न्हाई.”

अजूनही मला सोडवत होते! मी म्हटलं, “आण्णा, तुमच्या धोतराला मागून लागून राह्यलंय.”

आण्णांनी एकदा बाप्पांकडे पाहिलं. बाप्पा आण्णांहून दहा वर्षांनी मोठे. मग बारीक आवाजात म्हणाले, “ती माझी हाय.”

बस. बांध फुटला. “माझी!” “ही बी माझीच!” “बापू, ती तुमच्यामागची माझी हाय, माफ करा!” “तुझी कशी, ती माझी!” कोण कुणाचा बाप आणि कोण कुणाचा लेक याचा काही हिशेब राहिला नाही. सगळे उठले, वळले, नाचायला लागले. बाप्पांनी एकवार आंब्याखाली बसलेल्या आपल्या आईकडे पाहिलं, आणि अंगरख्यातून मुकाट्यानं गरम चिलीम काढून माझ्या हातात ठेवली. गुरुजी किंचाळले, “पाणी! मडकी उचला!”

गुरुजींनी स्वतः जवळचं मडकं उचललं. डहाळ्याचं. सोपान नावाडी कुठून तरी उडी मारून आला आणि मडक्याला मिठी मारून ओरडला, “गुरुजी, ते नगा ओतू! पाया पडतो, ते नगा ओतू!”

“अरे माणसं जळतायत!”

“म्हणून तर!”

तेवढ्यात लिंबाजीरावानं, पाहुण्यांनी मदत करावी म्हणून, दुसरं एक मडकं जाळावर उपडं केलं. भप्पकन निळा जाळ उठला, लिंबाजीरावाच्या मिशीची एक बाजू गेली. गुरुजी एकदा त्या जाळाकडे आणि एकदा हातातल्या डहाळ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्या गावात काढून त्यांना तेव्हा पहिल्यांदा वनस्पतिशास्त्र समजलं. मग घाईघाईनं निवड सुरू झाली. “हे?” “न्हाई, ते न्हाई!” “हे?” “हे चालतंय, ताटली हाय!” ताटलीची मडकी मोजकीच निघाली. खरं सांगायचं तर आग बायकांनी विझवली. वाळवंट शेजारीच होतं. परातीनं, ओटीनं, पदरानं त्यांनी ओली वाळू आणून टाकली, आणि टाकताना प्रत्येकीनं आपापल्या माणसाच्या अंगावर जरा जास्तच टाकली.

कुणी दगावलं नाही. धोतरं गेली, दोन छत्र्या गेल्या, माझी एक बॅटरी गेली. उरलेला माळ काळाभोर, त्यावर काळीभोर माणसं, सगळी एकमेकांकडे बघायचं टाळत उभी. आता बाई जाणार, जलसा जाणार, हे प्रत्येकाला कळून चुकलं होतं.

आणि स्टेजवरून हसणं ऐकू आलं. बाई तानपुऱ्याला धरून हसत होत्या, माईक सुरू होता, चार भोंगे हसत होते. बराच वेळ हसून झाल्यावर डोळे पुसत त्या म्हणाल्या, “पाटील साब, मैं धुएँ से गई थी क्या? मेरे घर में हुक्का है. धुएँ का मेरे कू कुछ नै.”

बाप्पा म्हणाले, “मंग मागल्या साली?”

“अजी, गाना किस कू सुनाती? कोई मुंडी घुटनों में देके बैठा, कोई छत्री में, कोई कंबल में. एक का बी मुँह मेरी तरफ नै. सब अपने अपने बाप से छुप रै. मैं क्या छत्रियों कू सुनाऊँ?”

एक वर्ष आम्ही धुराचा बंदोबस्त करत होतो.

मग त्या म्हणाल्या, “अब बैठो.” आणि आम्ही बसलो. लपवायला कुणाकडे काही उरलंच नव्हतं. हात मोकळे, माना वर, तोंडं काळी. एका बॅटरीवर मशीन लावलं. बाई गायल्या. जन्मात मी गाणं ऐकलं नाही म्हणालो, ते तेवढं एक सोडून. बॅटरी बसत आली तेव्हा मी बदलायला उठलोही नाही, बदलायला दुसरी नव्हतीच. आवाज हळूहळू लहान होत गेला तशी माणसं पुढं पुढं सरकत गेली, आणि शेवटी भोंग्यांशिवायच ऐकलं. सोपान नावाड्यानं त्या दिवशी दिवस बुडेपर्यंत एकालाही नावेची आठवण करून दिली नाही. अर्ध्या मिशीचा लिंबाजीराव जाताना बाप्पांना म्हणाला, “ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. आमच्याकडं कुणी खरं बोलायचं न्हाई.”

आण्णा आणि मी सायकल ढकलत घनसावंगीला निघालो. तीन कोसांत ते एकच वाक्य बोलले. “बॅटरी जड झालीय, दोघं मिळून ढकलू.”

मला वाटलं, झालं. आता बारा वर्षांचं संपलं. उद्यापासून बाप-लेकात उघडं बोलायचं. कदाचित एका काडीवर दोन विड्याही पेटतील. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात मशीन उघडून बसलो होतो, ओठात विडी होती. बाहेर पायरीपाशी आण्णांची चाहूल लागली. आणि आण्णा खाकरले. रोजच्यासारखे. जसं काही माळावर काही झालंच नाही.

माझा डावा हात मांडीखालून गेला. आण्णा आत आले. नाकासमोरचा धूर बघून म्हणाले, “आज आभाळ आलंय जरा.”

मी म्हणालो, “हौ ना.”

मरेपर्यंत त्यांनी एकदाही चुकवलं नाही. शेवटी शेवटी त्यांना खरा खोकला लागला, तेव्हा दिवसभर माझे हात मागं जायचे, विडी नसली तरी.

आता मी विडी सोडून पुष्कळ वर्षं झाली, डॉक्टरनं दुसरा पर्याय ठेवला नव्हता. मुलगा जालन्याला नोकरीला, मी त्याच्याकडं असतो. नातू आतल्या खोलीत असतो. खोलीत शिरायच्या आधी मी दाराबाहेर उभा राहतो आणि खाकरतो. काय असेल ते लपवायला त्याला सवड मिळावी म्हणून. पहिल्यांदा तो धावत बाहेर आला आणि म्हणाला, “आबा, कफ झालाय तुम्हाला.” मी समजावून सांगायला गेलो, पण कुठून सुरुवात करायची? बाप्पांपासून करावी लागेल.

आता त्यानं औषधाची बाटली दाराशीच ठेवलीय. मी खाकरलो की आतून हात बाहेर येतो, चमचा भरलेला असतो. मी निमूट पितो आणि मग आत जातो.